आधी परतीची वाट, मग नवी सोय

१२ ऑगस्ट २००८ रोजी, जिथे जिथे व्हीएमवेअर कंपनीचं ईएसएक्स ३.५ अपडेट २ (एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर) चालत होतं तिथे एक विचित्र प्रकार घडला. बंद असलेली व्हर्च्युअल मशीन, म्हणजे ती आभासी यंत्रं, सुरूच होईनात. चालू असलेल्यांना काही झालं नव्हतं. पण एखादं बंद करून पुन्हा चालू करायला जावं, सस्पेंड केलेलं उठवावं किंवा एका होस्टवरून (ज्या खऱ्या यंत्रावर ती चालतात त्यावरून) दुसऱ्यावर हलवावं, की नकार ठरलेला. लॉगमध्ये पाहावं तर उत्पादनाची मुदत संपली आहे, होस्टची तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघा, असा उपदेश. तारीख बरोबरच होती. लायसन्सचे पैसेही भरलेले होते. बीटा, म्हणजे चाचणीसाठी आधी दिलेली, प्रत लोकांनी कायमची वापरू नये म्हणून तिच्यात मुदत संपवणारा कोड घातलेला असतो; तो अंतिम आवृत्तीतून काढायचा राहून गेला होता. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख पॉल मारिट्झ यांनी जाहीर माफी मागितली आणि दुरुस्तीही आली. तोवर लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे होस्टचं घड्याळ काही दिवस मागे नेणं. ज्यांची गेस्ट मशीन (होस्टवर चालणारी व्हर्च्युअल मशीन) होस्टकडून वेळ घेतात त्यांना विचारा हा उपाय किती निरुपद्रवी आहे ते! लॉगिन, सर्टिफिकेट, डेटाबेसमधल्या नोंदी, ठरावीक वेळी चालणारी कामं, सगळ्यांचे पाय त्या घड्याळात अडकलेले असतात.

बीटा आणि पक्की आवृत्ती यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी जाड नसते, हे या प्रकारातून दिसतं. कोड तोच, लिहिणारी माणसं तीच, तारखेची घाईही तीच. बीटात जे कोणी तपासलं नाही ते पक्क्या आवृत्तीत आपोआप तपासलं जात नाही. म्हणून बीटात काय तपासायचं, ते कोणी तपासायचं आणि सापडलेलं कोणाला सांगायचं, हा दोन-चार हौशी सिस्टिम ॲडमिनांचा खासगी विषय राहत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बीटात नवी सोय चालते का, हे बघणं दुय्यम आहे. ती अर्ध्यात थांबली, बिघडली किंवा नको झाली तर मागे येता येतं का, हे बघणं मुख्य. आणि ज्या सोयीतून मागे येता येत नाही, ती तसं ठळक सांगितल्याशिवाय लोकांच्या हाती देण्याचा अधिकार कंपनीला नसावा, भले तिच्यावर बीटाची चिठ्ठी असो.

फोटो सजवणाऱ्या ॲपचा बीटा बिघडला तर एखादा फोटो जातो आणि माणूस चार शिव्या घालून जुनी आवृत्ती टाकतो. इथे तसं होत नाही. एका यंत्रावर अनेक यंत्रांचा आभास उभा करण्याची कल्पना जुनीच. आयबीएमनं व्हीएम/३७० जाहीर केलं ते १९७२ मध्ये. पण साध्या सर्व्हरवर ती रुळली गेल्या पंचवीस वर्षांत. व्हीएमवेअरचं पहिलं उत्पादन १९९९ मध्ये आलं, केव्हीएम हे तशाच कामाचं मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २००७ साली दाखल झालं, आणि त्याच्या आसपास मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही. आज रुग्णालयाच्या नोंदी, बँकेचे व्यवहार, विद्यापीठाचे निकाल, कारखान्याचा हिशेब, बहुतेक सगळं कुठल्या ना कुठल्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) चालतं. एका होस्टवर डझनावारी व्हीएम आणि शेकडो होस्टचं नियंत्रण एका कन्सोलच्या हाती. त्या कन्सोलमधल्या नव्या बटणाचा हात चुकीच्या जागी पोचला तर खड्ड्यात कोण कोण जाईल याचा अंदाज बटण बनवणाऱ्यालाही नसतो. वरच्या थरातल्या माणसाला तर खाली काही बदललंय हेच ठाऊक नसतं. रुग्णालयातल्या नोंदणी खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्यानं कुठल्याही बीटाच्या करारावर सही केलेली नसते.

आता चाचणी प्रत्यक्षात कशी होते ते बघू. नवी आवृत्ती येते, रिलीज नोट्समध्ये आकर्षक सोयींची यादी असते, ॲडमिन लॅबमध्ये ती चढवतो, सोय चालू करतो, हिरवी खूण दिसते, स्क्रीनशॉट काढतो आणि 'मस्त चालतंय' म्हणून कळवतो. कंपनीलाही हेच ऐकायचं असतं. पण हिरवी खूण म्हणजे सॉफ्टवेअरचं स्वतःबद्दलचं मत. लाइव्ह मायग्रेशनचं उदाहरण घ्या. व्हीएम चालू असतानाच तिची मेमरी पानापानानं दुसऱ्या होस्टवर पाठवली जाते. तेवढ्या वेळात जी पानं बदलली ती पुन्हा पाठवली जातात, मग त्यातली बदललेली पुन्हा, आणि उरलेला ढीग पुरेसा लहान झाला की क्षणभर व्हीएम थांबवून बाकीचं एकदम नेलं जातं. रिकामी, नुकतीच उभी केलेली व्हीएम हलवून ही सोय तपासणं म्हणजे उभ्या गाडीचा ब्रेक तपासण्यासारखं आहे. जिथे डेटाबेस धडाधड मेमरी लिहितोय तिथे बदललेल्या पानांचा ढीग लहान होतच नाही. लिहिण्याचा वेग नेटवर्कपेक्षा जास्त असेल तर ही फेरी संपणारच नाही. मग सॉफ्टवेअर काय करतं? क्यूईएमयू या व्हीएम चालवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये गेस्टच्या प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करण्याची सोय आहे. म्हणजे मायग्रेशन यशस्वी, हिरवी खूणही हजर, आणि तिकडे वापरणारा म्हणतोय की सगळं एकाएकी संथ का झालं.

यावर दुसरी युक्ती निघाली, पोस्ट-कॉपीची. आधी व्हीएम नव्या होस्टवर चालू करायची आणि लागतील तशी पानं जुन्या होस्टकडून मागवायची. कल्पना सुंदर आहे, मायग्रेशन संपण्याची खात्री मिळते. पण मधल्या काळात नेटवर्क तुटलं तर? निम्मी मेमरी इकडे, निम्मी तिकडे, आणि पूर्ण चित्र कोणाकडेच नाही. पहिल्या पद्धतीत गडबड झाली तर जुन्या होस्टवरची व्हीएम शाबूत असते. इथे ती वाट बंद. पुढे क्यूईएमयूमध्ये अशी तुटलेली प्रक्रिया थांबवून, जोडणी परत आल्यावर पुढे नेण्याची सोय आली, आणि ती यायलाच हवी होती. माझ्या मते पोस्ट-कॉपी तपासायला बसलेल्या माणसानं सगळ्यात आधी नेटवर्कची केबल ओढायला हवी. किती जण ओढतात? मायग्रेशनला किती सेकंद लागले याचे तक्ते मात्र भरपूर सापडतात.

याहून वाईट प्रकार म्हणजे जिथे काहीच मोडल्यासारखं दिसत नाही तो. व्हीएमवेअरमध्ये डिस्कचे कोणते भाग बदलले याची नोंद ठेवणारी यंत्रणा आहे, चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग. बॅकअप घेणारी सॉफ्टवेअरं तिच्यावर विसंबतात: सगळी डिस्क वाचायची नाही, 'कालपासून काय बदललं' एवढं विचारायचं आणि तेवढंच उचलायचं. २०१४ मध्ये या यंत्रणेतला एक दोष उघड झाला. डिस्क वाढवताना तिचा आकार १२८ जीबीची हद्द ओलांडून गेला, की बदललेल्या भागांची यादी चुकीची मिळायची. पुढच्या दुप्पट हद्दींनाही, २५६, ५१२, तेच. दोष ईएसएक्सच्या ४.x आणि ५.x अशा दोन्ही पिढ्यांत होता, म्हणजे बरीच वर्षं तो सुखेनैव नांदत होता. या काळात रोज रात्री बॅकअप होत होता, सकाळी 'यशस्वी' म्हणून ईमेल येत होता, आणि आत चुकीचे भाग साठत होते. कळणार कधी? रिस्टोअर करायची वेळ आल्यावर. ती वेळ बहुधा दुसरं काहीतरी बुडालेलं असतानाच येते.

हा दोष पकडणारी चाचणी अवघड नव्हती. शंभर जीबीची डिस्क घ्यायची, तिच्यावर ओळखता येईल असा डेटा लिहायचा, पूर्ण बॅकअप घ्यायचा. डिस्क दीडशे जीबी करायची, पुन्हा लिहायचं, बदलांपुरता बॅकअप घ्यायचा. मग दुसरीकडे रिस्टोअर करून दोन्हींचे चेकसम (डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे) ताडून बघायचे. एका दुपारचं काम. पण या चाचणीत दाखवण्यासारखं काही नसतं. 'डिस्क वाढवता येते' ही सोय पंधरा सेकंदांत तपासून होते, 'बॅकअप जलद झाला' हे आलेखात छान दिसतं. दोन्हींच्या सांध्यात काय होतं हे बघायला कोणी थांबत नाही. व्हर्च्युअलायझेशनमधले घातक दोष असेच दोन सोयींच्या सांध्यात बसलेले सापडतात: स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणीची जपून ठेवलेली स्थिती) असताना डिस्क वाढवणं, मायग्रेशन चालू असताना बॅकअपनं स्नॅपशॉट मागणं, स्नॅपशॉट बेस डिस्कमध्ये विलीन होत असताना स्टोरेज भरणं.

यातल्या शेवटच्या प्रकाराची, स्टोरेज भरण्याची चाचणी मला विशेष आवडते, थोडी दुष्ट असल्यामुळे असेल. छोटा डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या डिस्क ठेवायची जागा, घ्यायचा, त्यावर थिन (लिहू तशी जागा घेत जाणाऱ्या) डिस्कची व्हीएम, तिच्यावर स्नॅपशॉट, आणि मग आतून लिहीत सुटायचं. जागा संपली की काय होतं? चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीएम जागच्या जागी थांबते आणि 'जागा मोकळी करून पुन्हा प्रयत्न करू, की बंद करू' असा प्रश्न पडद्यावर येतो. जागा करून दिली की गेस्टला काही झाल्याचं कळतही नाही. जुन्या, मुरलेल्या आवृत्त्या हे करतात. नव्या आवृत्तीत नव्या स्टोरेज प्रकारावर तेच होतं का? हा प्रश्न बीटात विचारायचा असतो, कारण बीटात विचारला तर उत्तर बदलता येतं.

यावर कोणी म्हणेल, एवढा प्रपंच करायला वेगळं हार्डवेअर कुठून आणायचं? नेस्टेड व्हर्च्युअलायझेशननं हा प्रश्न बराच सोपा केला आहे. हायपरव्हायजरच्या (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आत हायपरव्हायजर चालवायचा, एका जाडजूड मशीनवर तीन होस्टचा क्लस्टर (एकत्र जोडलेला गट) उभा करायचा, मोडायचा, स्नॅपशॉटवर परत न्यायचा, पुन्हा मोडायचा. शिकायला आणि वर सांगितलेल्या बहुतेक चाचण्यांना हे पुरतं. पण नेस्टेड लॅब काय लपवते हेही लक्षात ठेवायला हवं. तिथे नेटवर्क कार्ड खोटं, स्टोरेज कंट्रोलर खोटा, त्यांचे ड्रायव्हर भलतेच. खऱ्या यंत्रावर फर्मवेअरच्या (हार्डवेअरमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या) एका जुन्या आवृत्तीपायी जे रामायण घडतं ते तिथे कधीच घडत नाही.

व्हीएमवेअरच्याच व्हीस्फिअर या व्हर्च्युअलायझेशन संचाच्या ७.० अपडेट ३ ची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण 'आम्ही बीटाच्या वाटेला जात नाही, दोन-तीन अपडेट येऊ देतो मग घेतो' असं म्हणणाऱ्यांसाठी ती आहे. ७.० आलं २०२० मध्ये. तिसरा मोठा अपडेट २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आला. म्हणजे थांबणाऱ्यांच्या हिशेबानं दूध चांगलं आटलेलं. नोव्हेंबरमध्ये कंपनीनं तो मागे घेतला, त्याच्या पाठोपाठ आलेल्या दोन दुरुस्त्यांसकट. होस्ट जांभळ्या पडद्यावर (गंभीर चूक दाखवणाऱ्या पडद्यावर) कोसळत होते, इंटेलच्या नेटवर्क ड्रायव्हरचं नाव बदलल्यामुळे अपग्रेडच्या वेळी दोन ड्रायव्हर एकमेकांना भिडत होते, असे प्रकार होते. दुरुस्त आवृत्ती जानेवारी २०२२ मध्ये आली. थांबणाऱ्यांचं धोरण शहाणपणाचं आहे, मी ते नाकारत नाही. पण ते उधारीवर चालतं. कोणीतरी आधी जाऊन ठेच खाल्ली तरच मागच्याला शहाणं होता येतं. सगळेच मागे थांबले तर तिसऱ्या अपडेटपर्यंत कोड खऱ्या यंत्रांवर चाललेलाच नसेल. आणि पुढे गेलेले फक्त घरच्या लॅबवाले हौशी असतील, तर सॉफ्टवेअर त्यांच्या हार्डवेअरवर मुरेल, रुग्णालयाच्या नाही. म्हणून मोठ्या संस्थांनी, जपून का होईना, बीटाला हात लावायलाच हवा, प्रॉडक्शनपासून (रोजच्या खऱ्या कामापासून) तोडलेल्या पण खऱ्या लोखंडावर.

मात्र हा हात लावायचा तर समोरच्यानं दरवाजे नीट रंगवून ठेवायला हवेत. व्हर्च्युअलायझेशनमध्ये एकदिशा, म्हणजे आत गेल्यावर परत येता न येणारे, दरवाजे पुष्कळ. व्हीएमची हार्डवेअर आवृत्ती (तिला दिसणाऱ्या आभासी हार्डवेअरची पिढी) वाढवली की ती जुन्या होस्टवर चालत नाही आणि आवृत्ती खाली आणायचं बटण नसतं. मागे फिरायचं तर आधीचा स्नॅपशॉट किंवा बॅकअप हवा. व्यवस्थापन सर्व्हरचा स्नॅपशॉट आहे म्हणून निर्धास्त राहावं, तर तो एकटाच मागे गेल्यावर त्याच्या डेटाबेसमधलं जग जुनं आणि होस्टवरचं जग नवं, असा घोळ होतो. एकमेकांना जोडलेले असे अनेक सर्व्हर असतील तर सगळ्यांना एकाच क्षणाला मागे न्यावं लागतं.

काही ठिकाणी हे दरवाजे छान रंगवलेले आहेत, त्याचं कौतुक केलं पाहिजे. हायपर-व्हीला 'कुठल्या आवृत्तीच्या व्हीएम चालतात' असं विचारलं की नेहमीच्या आकड्यांच्या शेवटी २५४.० आणि २५५.० असे दोन आकडे दिसतात, एकापुढे 'प्रीरिलीज', दुसऱ्यापुढे 'एक्स्परिमेंटल'. प्रयोगाची व्हीएम शंभर व्हीएमच्या गर्दीतही आकड्यावरून ओळखू येते. क्यूईएमयूमध्ये ज्या पर्यायांची हमी नाही त्यांच्या नावाआधी 'एक्स-' लावतात; ते वापरून स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं आपण वाळूवर घर बांधतोय हे समजून घ्यावं. आणि विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये आलेली क्लस्टर टप्प्याटप्प्यानं वर नेण्याची पद्धत तर मला आदर्श वाटते. जुने-नवे होस्ट एकाच क्लस्टरमध्ये नांदतात, एकेक होस्ट वर नेता येतो, काही बिनसलं तर पुन्हा खाली आणता येतो. क्लस्टरची पातळी कायमची वाढवणारी आज्ञा वेगळी, ती माणसानं मुद्दाम द्यायची. ती दिल्याशिवाय परतीची वाट उघडी. म्हणजे परतीची वाट ठेवणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य असतं अशी सबब कोणी सांगू नये. त्याला कष्ट पडतात, दोन स्वरूपं एकाच वेळी सांभाळावी लागतात, आणि ते कष्ट विक्रीच्या सादरीकरणात दिसत नाहीत, एवढंच.

हायपर-व्हीचंच आणखी एक आठवतं. २००८ च्या फेब्रुवारीत विंडोज सर्व्हर २००८ बाजारात आलं तेव्हा त्यातलं हायपर-व्ही बीटा होतं आणि तसं उघड सांगितलेलं होतं; पक्की आवृत्ती जूनमध्ये वेगळी दिली. पूर्ण झालेल्या उत्पादनात एक अपुरा भाग, नावानिशी. अनेकांनी तेव्हा नाकं मुरडली होती. मला मात्र तो प्रामाणिकपणा वाटतो. व्हीस्फिअर ८.० अपडेट ३ मध्ये एनव्हीएमई (वेगवान फ्लॅश) डिस्क दुय्यम मेमरी म्हणून वापरायची सोय 'टेक प्रिव्ह्यू', म्हणजे अजून पक्की नसलेली झलक, म्हणून आली, तेही असंच. मेमरी महाग, डिस्क स्वस्त, त्यामुळे मोह जबर. तपासणाऱ्यानं मात्र मेमरीची किती बचत झाली हे मोजण्याआधी विचारावं: ती डिस्क मध्येच मेली तर तिच्यावर पानं असलेल्या व्हीएमचं काय होतं? सोय बंद करायची तर होस्ट रिकामा करावा लागतो का?

'बंद केलं' आणि 'बंद झालं' यांत किती अंतर असतं, हे व्हेनम नावाच्या दोषानं दाखवलं. २०१५ मध्ये क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये तो सापडला. गेस्टमधल्या माणसाला होस्टपर्यंत पोचता येण्याची शक्यता त्यानं उघडली होती. फ्लॉपी कोण वापरतं? कोणीच नाही. पण काही रचनांत ॲडमिननं फ्लॉपी काढून टाकली तरी कंट्रोलरचा तो कोड चालूच राहत होता. सदोष कोड २००४ पासून तिथे होता, स्रोत सगळ्यांसाठी खुला, आणि अकरा वर्षं कोणाची नजर पडली नाही. मुक्त सॉफ्टवेअरचा मी पक्षपाती आहे, पण स्रोत खुला म्हणजे तपासलेला, हे समीकरण मला कधीच पटलेलं नाही. सोय काढल्यावर ती खरंच निघते का, हेही कोणीतरी बसून तपासावं लागतं.

आता कंपन्यांच्या बाजूनं. 'तुम्हीच का नाही सगळं तपासत?' हा आपला आवडता टोमणा फारसा न्याय्य नाही. प्रोसेसर, फर्मवेअर, नेटवर्क कार्ड, स्टोरेज, गेस्ट ऑपरेटिंग सिस्टिम, बॅकअप सॉफ्टवेअर यांच्या जोड्या इतक्या, की कुठल्याच प्रयोगशाळेत त्या मावणार नाहीत. बाहेरच्यांची मदत लागणारच. पण फुकट मदत घेणाऱ्यानं ती ऐकायची तयारी ठेवावी, आणि इथे उद्योगाचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चा १८०९ हा अपडेट आला आणि काहींच्या फाइली पुसल्या गेल्या. काही दिवसांत वाटप थांबवावं लागलं, नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा दिला. यातली लागणारी गोष्ट अशी की आधीची चाचणी आवृत्ती वापरून पाहणाऱ्यांपैकी काहींनी हे कळवलेलं होतं. अभिप्रायांच्या त्या व्यवस्थेत ज्या तक्रारीला जास्त जणांनी दुजोरा दिला ती वर यायची. फाइली गेलेले थोडे होते, त्यांचा आवाज खाली राहिला. नंतर मायक्रोसॉफ्टनं तक्रारीची तीव्रता नोंदवायची सोय केली. दुजोऱ्यांच्या मोजदादीवर गंभीर दोष कधीच वर येणार नाही. डेटा बुडण्याची तक्रार एकट्यानं केली तरी घंटा वाजायला हवी.

दुसरा मुद्दा तोंड बांधण्याचा. अनेक बंदिस्त बीटांच्या करारांत गोपनीयतेचं कलम असतं: पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. न जाहीर झालेल्या उत्पादनाबद्दल हे समजू शकतं, प्रतिस्पर्ध्याला आयतं का द्या. पण उत्पादन बाजारात आल्यावरही बीटात सापडलेला आणि न सुधारलेला दोष झाकलेला राहावा, याचं समर्थन मला सापडत नाही. सॉफ्टवेअरच्या करारांत परवानगीशिवाय वेगाचे आकडे प्रसिद्ध करायची बंदीही कधी कधी असते; ही परंपरा १९८० च्या दशकातल्या डेटाबेसच्या एका भांडणापर्यंत मागे जाते आणि ज्यांच्या चाचणीवरून ते झालं त्या संगणकशास्त्राच्या प्राध्यापक डेव्हिड डेविट यांचं नाव त्या कलमाला चिकटलंय. वेगाच्या आकड्यांवर वाद होऊ शकतात. पण 'डिस्क १२८ जीबीच्या पुढे वाढवली तर बॅकअप खराब होतो' या वाक्यावर कसला वाद? ते ज्याला माहीत आहे त्यानं गप्प बसणं म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्या जिवावर केलेली सभ्यता.

त्यामुळे मला वाटतं, जोर लावायची जागा खरेदीचा टेबल ही आहे. एकटा ॲडमिन कंपनीकडून काही वदवून घेऊ शकत नाही. सरकारी खाती, रुग्णालयांचे समूह, विद्यापीठं आणि बँका घेऊ शकतात. व्यवस्थापन सॉफ्टवेअर घेताना किंवा नूतनीकरण करताना करारात लिहून घ्यावं: प्रत्येक नव्या सोयीपुढे ती उलटवता येते की नाही आणि कशी, हे दस्तऐवजात असेल, डेटा बुडण्याशी संबंधित ज्ञात दोषांची यादी ग्राहकाला लॉगिनशिवाय वाचता येईल, प्रिव्ह्यू दर्जाची सोय अपडेटच्या पोटातून आपोआप चालू होणार नाही, आणि बीटात आम्हाला सापडलेला दोष, पक्की आवृत्ती आल्यानंतर ठरावीक मुदतीत सुधारला नाही तर, आम्हाला जाहीर करता येईल. यातलं शेवटचं कलम विक्रेत्याचे वकील सहज मान्य करणार नाहीत. ताणून धरलं तर मुदतीवर घासाघीस होईल, आणि सुरक्षेच्या दोषांबाबत अशी मुदत ठरवून जाहीर करण्याची प्रथा या उद्योगानं केव्हाच पचवली आहे.

आणि संस्थांनी स्वतःच्या घरातही बघावं. बीटाची चाचणी बहुतेक ठिकाणी कोणाच्याच कामाच्या यादीत नसते; ती ॲडमिन रोजचं आटपून, मोडीत काढलेल्या सर्व्हरवर, संध्याकाळी उरलेल्या वेळात करतो. अशा वेळात हिरव्या खुणेपलीकडे कोण जाणार? केबल ओढून बघायची, वीज घालवून बघायची, डेटास्टोअर भरून बघायचा, रिस्टोअर करून चेकसम ताडायचे, तर आठवड्यातला एक पूर्ण दिवस आणि प्रॉडक्शनमध्ये आहेत त्याच बनावटीचे दोन तरी होस्ट त्याच्या नावावर लिहून द्यावे लागतात. अपडेट मंजूर करणाऱ्या बैठकीत त्या दिवसाचा अहवाल टेबलावर नसेल, तर अपडेट पुढच्या बैठकीपर्यंत थांबवण्याचा हक्कही त्याच ॲडमिनकडे असावा.